उपाशीपोटी

११ जानेवारी

सहा वर्षं दबा धरून बसले आणि शिकार आपल्या पायांनी चालत दारात आली.

दुपारी प्रबंध परिषदेच्या कचेरीतून फोन. तोगझानच्या प्रबंधाला परीक्षक म्हणून माझं नाव लागलंय. तोगझान ही दाउरेनची विद्यार्थिनी. दाउरेन सारमानोव म्हणजे माझा जुना साहेब, आता संस्थेतल्या दुसऱ्या प्रयोगशाळेचा प्रमुख, आणि माझ्या पद्धतीचा बाप. कागदोपत्री बाप. जन्म मी दिला.

यंत्रखोलीतली राइसा बातमी ऐकून चहाचं भांडं हातात घेऊनच आली.

"कामशात, त्याचं डोकं फिरलंय का?"

"नियम आहे. परीक्षक पद्धत समजणारा हवा आणि त्याच्या हाताखालचा नको. अल्माटीत आणखी आहे कोण?"

"पण तू त्याला फाडून खाशील, हे त्याला कळत नाही?"

"त्याला वाटतं मी विझले."

"आणि तू काय करणार?"

"आधी चहा घेणार," म्हटलं. राइसा हसली नाही.

पद्धत इथे एकदा लिहूनच ठेवते, नाहीतरी माझ्या नावाने ती दुसरीकडे कुठे लिहिलेली नाही. प्रत्येक माणसाच्या डीएनएमध्ये लाखो ठिकाणी एखादं अक्षर वेगळं असतं. त्यातल्या कुठल्या जागेच्या अक्षरामुळे कुठलं जनुक जोरात चालतं आणि कुठलं मंद, ते शोधायचं. एकीकडे हजारो जनुकं, दुसरीकडे लाखो जागा, आणि प्रत्येकाची प्रत्येकीशी जोडी लावून पाहायची. नुसत्या योगायोगानेच ढिगाने जोड्या जमतात. पण खरा घात करतात त्या लपलेल्या गोष्टी. रक्त कडाक्याच्या थंडीत घेतलं, डबा वाटेत तापला, यंत्र त्या दिवशी कुरकुरत होतं. असलं एखादं कारण शेकडो जनुकं एकदम हलवतं आणि आपण नाचायला लागतो, सापडलं म्हणून. माझी पद्धत हे लपलेले हात आधी आकड्यांतूनच ओळखते, बाजूला काढते आणि मग शोधायला बसते.

मी सेमेयला आईचं दुखणं काढत होते तेवढ्यात लेख छापून आला. सारमानोव पद्धत. लेखकांत मी नव्हते. परत येऊन विचारलं तर हा म्हणाला, "कामशात, तू नव्हतीस ना इथे, सही कोण करणार होतं?"

१९ जानेवारी

प्रबंध वाचून काढला. पोरगी लिहिते बरी. पण मुख्य निष्कर्ष वाचताना मी खुर्चीत सरळ झाले. सहाव्या गुणसूत्रावरची एक जागा म्हणे चारशेच्या वर जनुकं हलवते. दाउरेनने तिला 'मुख्य कळ' असं नाव दिलंय आणि टीव्हीवर मुलाखतही देऊन आलाय. आपल्या लोकांच्या रक्तातली मुख्य कळ!

आणि लपलेले हात काढायची पायरी? वगळली. खाली दाउरेनच्या भाषेत खुलासा आहे की ती पायरी लावली तर खरा परिणामही पुसला जातो. माझी पद्धत चोरली, तिला स्वतःचं नाव दिलं, आणि अडचणीची झाली तेव्हा कपाटात ठेवली.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तो सगळा चुकीचा नाही. एखादी जागा खरोखरच शेकडो जनुकं हलवत असेल तर माझी पायरी तिला लपलेला हात समजून पुसून टाकेल. नुसत्या आकड्यांवरून दोन्हींतला फरक कळत नाही. आकड्यांच्या बाहेरचं काहीतरी माहीत असावं लागतं, आणि ते माझ्याकडे नाही.

२ फेब्रुवारी

आता आहे.

तोगझान स्वतः आली, एका पिशवीत घरचे कुरुत, वाळवलेल्या दह्याचे खडे, घेऊन. उमेदवाराने परीक्षकाला भेटू नये, पण हिला ते कोण सांगणार. चेहरा असा की रस्त्यात कुणीही पत्ता विचारावा. मी ओळखलं की दाउरेनने पाठवलीय, माझा वास घ्यायला.

"अपाय, तुमचं मत झालं का लिहून?" मला अपाय म्हणते, मोठी ताई असल्यासारखं.

"नाही."

"मला एक विचारायचं होतं. मूर्खासारखं वाटेल."

"मग विचारू नकोस."

तरी विचारलंच. बाकीच्या गावांत त्यांनी रक्त पहाटे घेतलं, लोक उपाशी असताना. तेरेकती हे तिच्या मामाचं गाव. तिथे मामा दारातच आडवा झाला. भाची पहिल्यांदा एवढे पाहुणे घेऊन आली आणि न जेवता सुई टोचायची? गावात तोंड कुठे दाखवू? मेंढा कापला, सगळं गाव बोलावलं, सगळे पोटभर जेवले, वर शेपटाची चरबी खाल्ली, आणि मग हात पुढे केले.

"मामाला नाही कसं म्हणणार, अपाय? तुम्हीच सांगा."

मी कुरुताची पिशवी उघडली. माझ्या भावाकडे माझ्या लेकीने असलं काही केलं असतं तर त्यानेही हेच केलं असतं.

"अगायना मी सांगितलं होतं," ती म्हणाली. अगाय म्हणजे तिचे सर, दाउरेन. "ते म्हणाले, मटणाने जनुक बदलत नाही. पण अपाय, ते किती जोरात चालतं ते तर बदलेल ना? आणि तेरेकती सगळं एकाच कुळाचं. त्यांची अक्षरंही सारखी. मग आपल्याला जी कळ दिसते ती कळ आहे की जेवण?"

कुरुताचा एक खडा मी तोंडात टाकला होता, तो गालात तसाच राहिला. पोरगी बरोबर त्याच जागेवर उभी होती.

"हे तुझ्या अगायना विचार," मी म्हटलं.

"विचारलं ना."

"मग पुन्हा विचार."

जाताना तिने दार हळूच लावलं. नाटक चांगलं करते.

३ फेब्रुवारी

आकडे मागवून दिवसभर बसले. पद्धत लावली, माझी, पूर्ण, एकही पायरी न गाळता. पहिलाच लपलेला हात बाहेर आला आणि त्यात तेरेकतीची माणसं सगळी एका बाजूला, बाकीची गावं दुसऱ्या बाजूला. त्या चारशे जनुकांची यादी चाळली तर निम्मी अशी की पोटात चरबी पडल्यावर जागी होतात.

मुख्य कळ म्हणजे शेपटाची चरबी. मी एकटीच मोठमोठ्याने हसले, मग राइसा पाहायला आली तेव्हा तोंड दाबून घेतलं.

आत्ता सांगितलं तर दाउरेन गुपचूप दुरुस्ती करेल, पोरगी पास होईल, आणि माझ्या हाती काय लागेल? धुपाटणंसुद्धा नाही. मला हे भर सभेत हवंय. तो पहिल्या रांगेत बसलेला हवाय, निळा टाय लावून.

पोरीचं काय, असं एकदा मनात आलं. पण पोरगी त्याची आहे. त्याच्या ताटात जेवली तर उष्टं तिलाच काढावं लागणार.

२४ मार्च

नौरूझच्या, नव्या वर्षाच्या मेजवानीत दाउरेनने गळ्यात हात टाकला. सगळ्यांसमोर.

"कामशात, अजून रुसलेलीच का? चांगलं मत दे, मग तुझ्यासाठी पण काहीतरी बघतो."

"बघा ना, अगाय," मी म्हटलं. इतकं गोड बोलले की माझं मलाच किळसवाणं वाटलं.

तोगझान खिरीची वाटी घेऊन आली. ती माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी राइसाशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसले.

१८ एप्रिल

झालं. नीट क्रमाने लिहिते.

सभागृह भरलेलं. पोरीचे मामा सेयितबेक गावाहून आलेले, डोक्याला नवी टोपी, तिसऱ्या रांगेत ताठ बसलेले. तोगझानने मांडणी चांगली केली. मग मला बोलावलं.

मी एकच प्रश्न विचारला. "तेरेकती गावात रक्त घेण्याआधी लोक जेवले होते का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. 

"हो, अपाय."

"काय जेवले?"

मागे कुणीतरी हसलं.

"मेंढ्याचं मटण. चरबी."

मग मी पडद्यावर माझी आकृती लावली. तेरेकतीचे ठिपके एकीकडे, बाकीचे सगळे दुसरीकडे. म्हटलं, "सन्माननीय सदस्यहो, सहाव्या गुणसूत्रावरची ही मुख्य कळ म्हणजे दुपारचं जेवण आहे." हे वाक्य मी कितीतरी दिवस घोळवून ठेवलं होतं. सभागृहात हशा पिकला. हसले नाहीत दोघंच, पोरगी आणि तिचे मामा. मामांना आकृती समजली नव्हती, पण आपल्या मेंढ्यावर लोक हसतायत एवढं त्यांना बरोबर कळलं.

मी दाउरेनकडे पाहिलं. हाच तो क्षण, असं वाटलं.

तो सावकाश उठला, टाय नीट केला आणि म्हणाला, "ही गोष्ट उमेदवाराने माझ्यापासून लपवली. मला अतिशय दुःख होतंय."

"मी सांगितलं होतं, अगाय," तोगझान म्हणाली. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "तुम्हाला सांगितलं होतं. कामशात अपायनाही सांगितलं होतं, फेब्रुवारीत. सगळं. हा प्रश्न माझाच आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "परीक्षकाने उमेदवाराला उत्तरं पुरवायची नसतात." नियमात तसं आहेच.

मग दाउरेनने घाव घातला. "पण सदस्यहो, आनंदाची एक गोष्ट आहे. ही चूक कशामुळे पकडली गेली? सारमानोव पद्धतीमुळे. ती पूर्णपणे लावली की असलं काही सुटत नाही, हे कामशातबाईंनी आज सिद्ध केलं. मी त्यांचे आभार मानतो."

टाळ्या पडल्या. त्याला. मला वाटतं मीही दोन वाजवल्या असतील, सवयीने.

पदवी नामंजूर.

१९ एप्रिल

त्याला खड्ड्यात ढकलला आणि तो पोरीच्या पाठीवर पाय देऊन वर आला. वर माझीच शिडी त्याच्या नावाने!

राइसाने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलंय. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तुला मारायचा होता कोल्हा, मारलीस कोंबडी."

"कोंबडी कोल्ह्याचीच होती," मी म्हटलं.

"अगं, ती तुझ्याकडे आली होती."

काय फरक पडतो?

६ मे

अखेर दाउरेन माझ्या खोलीत आला. पहिल्यांदाच तो माझ्याकडे आला, मी त्याच्याकडे गेले नाही. टीव्हीवर बोलून बसलाय, त्यामुळे दुरुस्तीचा लेख काढल्याशिवाय गत्यंतर नाही. तेरेकतीच्या त्याच माणसांचं रक्त पुन्हा घ्यायचं, उपाशीपोटी, आणि जुन्याशी ताडून पाहायचं. एकाच माणसाचं जेवलेलं आणि न जेवलेलं रक्त! असा संच कुणाकडे नाही. जगभर गाजेल.

"पहिलं नाव तुझं," तो म्हणाला. "शेवटचं माझं."

पहिलं नाव. माझं.

"आणि तोगझान?"

"तिचं नाव घातलं तर तिलाच लाज वाटेल. लोक पुन्हा तेच उकरून काढतील."

हे मला पटलं. पोरगी संस्था सोडून गेलीसुद्धा. तालगारला कुठल्याशा खाजगी रक्त तपासणीच्या दुकानात लागलीय म्हणे.

आधी पहिलं नाव घेते. मग पुढच्या लेखात तो शेवटून पण जाईल.

१२ जून, तेरेकती

बर्फाचे डबे, नळ्या आणि ड्रायव्हर घेऊन काल पोचले. सेयितबेकमामांनी दारात येऊन स्वागत केलं, सगळ्या मानपानासकट. मी सांगितलं की उद्या पहाटे सगळ्यांनी उपाशी यायचं, पाण्याशिवाय काही नको.

"येतील की, डॉक्टरबाई," मामा म्हणाले. "आमच्याकडून कमी पडणार नाही."

पहाटे सगळं गाव आलं. म्हातारे, बाया, सगळे रांगेत, बाह्या वर करून. पहिल्या म्हातारीला विचारलं, "आजी, उपाशी ना?"

"छे गं! सकाळी सकाळी घरातून उपाशी निघतं का कुणी? साय घातलेला चहा, तळलेले बाउरसाक, थोडी काझी, घोड्याच्या मांसाची."

दुसरा, तिसरा, चौथा, सगळे तेच. मी डबे मिटले. त्यांना नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

१३ जून

आज तर मटण खाऊन आले. ओठांना चरबी तशीच. एकजण ढेकर देऊन म्हणाला, "टोचा, बाई, भरपूर जनुकं जागी आहेत आज!" रांग पोट धरून हसली.

आता मला कळलं. हा वेंधळेपणा नव्हे, हे उट्टं काढतायत. मी या कामातली जुनी माणूस आहे, वचपा ओळखते. आणि प्रामाणिकपणे लिहायचं तर मला त्यांचं कौतुकच वाटलं. मी सहा वर्षं मनात विष आटवत बसले. यांनी नुसती न्याहारी केली.

दुपारी मामांच्या घरी जेवायला बसले. न बसून सांगते कुणाला? पडदा सरकवून चहा ओतायला कोण आली, तर तोगझान. रजा काढून आलेली. माझा पेला तिने काठोकाठ भरला. आमच्या रीतीत म्हणजे प्या आणि निघा. मामा छताकडे बघत बसले.

"मामा, ह्यांना उपाशी यायला सांगा," मी म्हटलं. "एक सकाळ. माझ्या कामाचा प्रश्न आहे."

"डॉक्टरबाई, ह्या घरच्या जेवणाला तुमचं अख्खं शहर हसलं," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या भाचीला त्याच जेवणापायी उभं जाळलंत. आता गाव जेवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मी काय करू?"

मी चहा संपवला. गरम होता, तरी एका दमात.

१४ जून

सकाळी डबे गाडीत भरत होते. रांग आलीच होती, जेवून, आणि आम्हाला निरोप द्यायला थांबली होती. तोगझान गाडीपाशी आली.

"अपाय, मी सांगितलं तर उद्या सगळे उपाशी येतील."

"मग सांग ना."

"रक्त मी काढणार. कारागांदाच्या विद्यापीठात एक बाई मला घ्यायला तयार आहेत. काम माझं, लेख माझा. अगायचं नाव नको." आणि पुढे म्हणाली, "तुमचं पण नको."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि जुने आकडे? ते आमच्याकडे आहेत. त्यांच्याशिवाय तुला ताडून काय पाहता येणार?"

"म्हणून तर तुमच्याशी बोलतेय."

डोळ्यांत डोळे घालून बोलत होती. फेब्रुवारीतली ती पत्ता विचारावा अशी पोरगी आता कुठे दिसली नाही. ती आम्ही दोघांनी मिळून संपवली, दाउरेनने आणि मी.

मी गाडीच्या पायरीवर बसून हिशेब केला. पहिलं नाव घेऊन परत जायचं तर रक्त नाही, म्हणजे लेख नाही. दाउरेन दुसरं गाव शोधेल, दुसरी पोरगी शोधेल, आणि दोन वर्षांनी पुन्हा टीव्हीवर दिसेल. आणि हिला आकडे दिले तर? त्याची मुख्य कळ त्याच्याच विद्यार्थिनीने, दुसऱ्या विद्यापीठातून, त्याचं नाव न घेता मोडून काढली, असं छापून येईल. जन्मभर ते त्याच्या पाठीमागे लागेल. माझं नाव त्यात नसेल. असू दे. त्याचं नाव पुसायचं तर माझंही त्याच फडक्याने पुसावं लागतंय, एवढंच.

"घे," मी म्हटलं. डबे उतरवून घेतले, नळ्या दिल्या, आकड्यांचा पासवर्ड सांगितला. गावाने आकड्यांवर हक्क सांगितला तर संस्था काही करू शकत नाही, तसा अर्ज मामांनी करायचा, हेही सांगितलं.

वाटेत घाटाच्या अलीकडे थांबून दाउरेनला फोन केला. "अगाय, तेरेकतीने रक्त दिलं नाही. आता देणारही नाहीत."  तो ओरडायला लागला. मी फोन हातात धरून सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं!

हे मी पोरीसाठी केलेलं नाही, त्याच्यासाठी केलंय. राइसा उद्या काहीतरी वेगळं म्हणेल, म्हणून आजच लिहून ठेवते.

निघताना तोगझानने आणखी एक विचारलं होतं. तेरेकती सगळं नात्यातलं, एकमेकांचे चुलत-मावस. मग उपाशी असले तरी नुसत्या नात्यामुळे खोट्या जोड्या दिसणार नाहीत का? प्रश्न अगदी बरोबर होता. मी तिच्या हातातली काडी घेतली आणि गाडीशेजारच्या धुळीत एक चौकोन काढला. प्रत्येक माणसाचं प्रत्येकाशी किती रक्त सारखं, ते आधी कसं मांडायचं, ते आकडेमोडीत कुठे घालायचं, कुठली चूक मी स्वतः दोन वर्षं करत होते, सगळं सांगितलं. ती मधेमधे अडवत होती, आणि बरोबर ठिकाणी अडवत होती. रांगेतले लोक कंटाळून घरी गेले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. मी म्हटलं, थांब जरा, अजून संपलेलं नाही.